साडेनऊ डेसिबल

उत्तर आयर्लंडमधल्या ड्रमस्लेवन गावात तक्रार करायची एकच रीत होती. पडदे ओढून घ्यायचे. दर बारा जुलैला सकाळी प्रॉटेस्टंटांचा ट्रू ब्लूज बँड ऑरेंज हॉलमधून निघे, पोस्टापाशी वळे आणि कॅथलिक चॅपलचा उतार उतरून पुलाकडे जाई. त्या वेळी उतारावरच्या अकरा कॅथलिक घरांपैकी सातांना कुलूप असे, उरलेल्या चारांचे पडदे ओढलेले असत. कुणी कधी अर्ज केला नाही की रस्त्यात बसलं नाही. म्हणून बँडवाले म्हणत, "आमच्याकडे कसली भांडणं नाहीत बुवा. आम्ही आमच्या रस्त्यानं चालतो, ते त्यांच्या घरात बसतात."

लॉर्ना व्हाइटसाइडसुद्धा वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत हेच म्हणत होती.

तिच्या घरी बारा जुलै नाताळपेक्षा मोठा. तीनशे वर्षांपूर्वी बॉइन नदीकाठी प्रॉटेस्टंट राजा विल्यमनं कॅथलिक राजा जेम्सला हरवलं. त्या विजयाची मिरवणूक काढणारी व्हाइटसाइडांची ही पाचवी पिढी. वडील मर्विन बँडमास्तर. एरवी ते डेअरीतल्या वजनकाट्यावर दुधाचे टँकर मोजायचे, पण बारा तारखेला छातीवर नारिंगी पट्टा आला की त्यांची उंची दोन इंचांनी वाढायची. लॉर्ना चार वर्षांची असताना बिस्किटांच्या डब्यावर चमच्यांनी ताल धरायची. अकराव्या वर्षी गळ्यात ड्रम आला. गेल्या हिवाळ्यात बँडचा पुढारी ड्रमवाला ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि त्याची जागा सोळा वर्षांच्या लॉर्नाला मिळाली. बँडच्या इतिहासात त्या जागेवरची ती पहिली मुलगी.

ही जागा साधी नव्हती. एक धून संपली की पुढची सुरू होईपर्यंत पुढारी ड्रमवाला ड्रमाच्या कडेवर एकटा ठोका देत राहतो, पावलं चुकू नयेत म्हणून. मास्तरांनी हात वर केला की तो दोन रोल देतो, म्हणजे काठ्यांची सलग तडतड, तीन-तीन पावलांची, आणि दुसरा रोल संपतो त्या क्षणी चोवीस बासऱ्या एकदम तोंडाला लागतात. रोल नाहीत तर धून नाही. लॉर्नाच्या बाजूचे तिघे ड्रमवाले बारा-तेरा वर्षांचे होते, तिच्या मनगटांकडे बघून वाजवणारे.

पण हे सगळं मिळण्याच्या आधीच तिच्या मनात शंका शिरली होती, आणि ती शिरली एका मोडलेल्या मनगटातून.

गेल्या जुलैत ती सायकलवरून पडली. हाताला प्लास्टर. मिरवणुकीत वाजवता येईना, म्हणून ती बँडच्या बाजूनं फुटपाथवरून चालली. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं, ते हातात धरलं. दर दहा पावलांना एक नोंद. एकदा सरावाच्या दिवशी, एकदा बारा तारखेच्या सकाळी, एकदा संध्याकाळी परतताना. तिन्ही आलेख तिनं एकावर एक ठेवले. हॉलपासून पोस्टापर्यंत रेघ एक्क्याण्णव डेसिबलच्या आसपास सपाट होती. पोस्टाच्या पुढे ती चढू लागायची, चॅपलसमोर एकशे दोन, आणि पुलावर परत एक्क्याण्णव. तिन्ही वेळा. जणू सपाट माळावर कुणीतरी एक टेकडी आणून ठेवली होती.

तिनं आलेख स्वयंपाकघरातल्या टेबलावर वडिलांसमोर ठेवला. ते बटाट्याची भाकरी लोण्यात परतत होते.

"भिंत," मर्विन म्हणाले.

"काय?"

"चॅपलची दगडी भिंत आहे ना. आवाज आपटतो आणि परत येतो. भौतिकशास्त्र शिकतेस आणि एवढं कळत नाही?" त्यांनी भाकरी उलटली. "आम्ही सगळीकडे सारखंच वाजवतो, पोरी. आमच्या मनात काही नसतं."

हरकत चांगली होती. लॉर्नाला हरकती आवडायच्या. तिनं वहीत लिहिलं, 'भिंत? तपासायचं.' आणि गंमत म्हणजे वडिलांचं म्हणणं खरं ठरावं असंच तिला मनापासून वाटत होतं.

भौतिकशास्त्राला गावातल्या दोन्ही शाळांत पुरेशी मुलं नव्हती, म्हणून प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक शाळांचा तो वर्ग एकत्र भरायचा. लॉर्नाच्या बाकावर डर्व्हला मॅकगर्क बसायची. तिचं घर चॅपलच्या बरोब्बर समोर.

"एकसारखा आवाज करणारं काहीतरी हवं," लॉर्ना म्हणाली. "हॉलपासून पुलापर्यंत. म्हणजे भिंतीमुळे किती वाढतो ते कळेल."

"आमच्या मावशीला चालवू या का? ती एका पट्टीत बोलते."

शेवटी मोठ्या आयव्हनचा ट्रॅक्टर ठरला. मोठा आयव्हन म्हणजे बँडचा ढोलवाला. वय सत्तर, हात खांबासारखे. धून संपवायची असली की ढोलावर दोन दणके तोच द्यायचा. मार्चमधल्या एका रविवारी तो ट्रॅक्टर एकाच वेगात उतारावरून घेऊन चालला आणि दोघी मुली यंत्र धरून बाजूनं.

"काय मोजताय म्हणे?" आयव्हन वरून ओरडला.

"तुमच्या ट्रॅक्टरचा आवाज!"

"त्यासाठी यंत्र कशाला? माझ्या बायकोला विचारा!"

पुलावर तो खाली उतरला. लॉर्ना वहीत बघत होती. ट्रॅक्टर सगळीकडे चौऱ्याहत्तर. चॅपलसमोर साडेपंच्याहत्तर.

"भिंतीचा दीड," ती हळू म्हणाली. "बँडचे अकरा वाढतात. अकरातून दीड गेले."

"साडेनऊ," डर्व्हला म्हणाली.

"म्हणजे किती?" आयव्हननं विचारलं.

"म्हणजे जवळजवळ नऊपट जोर."

"मग ते साडेनऊ कुठून येतात?"

लॉर्नाची नजर त्याच्या हातांवर गेली. आयव्हननं आपल्या हातांकडे पाहिलं, पालथे करून पुन्हा पाहिलं, आणि ट्रॅक्टरवर चढून निघून गेला.

"यंत्राशिवाय सांगितलं असतं आम्ही," डर्व्हला म्हणाली. "पण तू मोजलंस ते बरं केलंस. आमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

त्यानंतर लॉर्नाला सरावात काही गोष्टी दिसू लागल्या, ज्या आधीही डोळ्यांसमोरच होत्या. पोस्टापाशी धून नेमकी संपायची, म्हणजे उतारावर नवी कोरी धून सुरू करता यायची. तिथं पहिल्या ओळीतली पावलं बारीक व्हायची. बासरीवाला ट्रेव्हर, जो नेहमी श्वास चोरून वाजवायचा, तो तिथं गाल फुगवायचा. कुणी हुकूम देत नव्हतं. कुणाच्या मनात काही नव्हतं, हेही कदाचित खरं असेल. जे होतं ते हातांत मुरलं होतं. आणि तिच्याही हातांत होतं. एकदा सरावात तिनं मुद्दाम स्वतःच्या मनगटांकडे लक्ष दिलं. पोस्ट गेलं आणि काठ्या आपोआप वर उचलल्या गेल्या. 

मे महिन्यात डर्व्हलाच्या वडिलांना, मॅलाकीला, पक्षाघात झाला. मॅलाकी डेअरीचा टँकर चालवायचा. वीस वर्षं रोज सकाळी मर्विनच्या काट्यावर उभा राहून "बरं आहे ना?" "बरं आहे" एवढं बोलणारा माणूस. आता त्याला जिना चढवेना, म्हणून त्याचा पलंग खालच्या पुढच्या खोलीत आणला. रस्त्यालगत.

"दार आपटलं तरी अर्धं अंग ताठ होतं त्यांचं," डर्व्हला प्रयोगाच्या तारा गुंडाळत म्हणाली. "दर वर्षी आम्ही बाराला घराला कुलूप लावून डोनेगलला कॅराव्हॅनमध्ये जातो. यंदा कुठे नेणार?"

लॉर्ना हातातली तार पुन्हा पुन्हा गुंडाळू लागली.

"तोंड नको पाडूस. मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही."

"माहीत आहे."

"मागणारही नाही."

"तेही माहीत आहे."

अकरा तारखेला संध्याकाळी मर्विन अंगणात बसून बुटांना पॉलिश करत होते. लॉर्ना शेजारी जाऊन बसली.

"डॅडी, मॅलाकी मॅकगर्क कसा माणूस आहे?"

"सज्जन," मर्विन लगेच म्हणाले. "वीस वर्षांत एक लिटरचा घोळ नाही. वाईट झालं त्याचं."

"मग सज्जन माणसाच्या उशाशी नऊपट जोरानं का वाजवायचं?"

ब्रश थांबला. "पुन्हा तो कागद काढलास?"

"भिंतीचे दीड आहेत. तुम्ही म्हणालात म्हणून तपासलं. बाकीचे आपले आहेत. माझेसुद्धा."

"माझ्या आजोबांपासून आपण तो उतार वाजवत उतरतोय. उद्या एका पोरीच्या यंत्रानं सांगितलं म्हणून गप्प बसायचं? लोक काय म्हणतील? व्हाइटसाइड शेपूट घालून गेला म्हणतील."

"पोस्टापासून पुलापर्यंत दोनशे बारा पावलं आहेत. दोन मिनिटंसुद्धा नाहीत."

"दोन मिनिटांचा प्रश्न नाही." मर्विननं बूट खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तिला भीती वाटली. "हे बघ लॉर्ना. नको असेल तर ड्रम हॉलमध्ये ठेव, घरी बस, मी कुणाला काही बोलू देणार नाही. पण ड्रम गळ्यात घातलास तर मी हात वर केला की रोल यायला हवेत. नाहीतर तो ड्रम पुन्हा मिळायचा नाही."

ती खोलीत जाऊन विचार करत बसली. ड्रम हॉलमध्ये ठेवला तर काय होईल? दुसरं कुणी वेडेवाकडे का होईना, रोल देईल. टेकडी तिथंच राहील, फक्त लॉर्ना तिथं नसेल. चालणंच सोडावं का, हा प्रश्न त्याहून मोठा होता आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिला ड्रम आवडायचा. ओळीत चालणं आवडायचं. तिच्याकडे उत्तर होतं ते फक्त त्या टेकडीचं.

सकाळी तिनं ड्रम गळ्यात घातला.

ऊन पडलं होतं. रस्त्यावर कमानी, झेंडे, घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायका, तळलेल्या कांद्याचा वास. हॉलपासून बँड सुटला तो झकास. पोस्टाच्या वळणावर आयव्हनच्या ढोलाचे दोन दणके पडले आणि धून संपली. लॉर्नानं काठी ड्रमाच्या कडेवर आणली. टक्. टक्. टक्.

उतार समोर होता. चॅपलच्या भिंतीवर डर्व्हला बसली होती, मांडीवर यंत्र. काल तिनं एवढंच कळवलं होतं, 'चौथी नोंद घेते. विज्ञानासाठी.' समोर तिच्या घराच्या पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले.

मर्विनचा हात वर गेला.

टक्. टक्.

बाजूच्या तिन्ही पोरांनी लॉर्नाच्या मनगटांकडे पाहिलं. मनगटं हलली नाहीत. एक, दोन, तीन, ती मोजत होती. काठी उचलली जाऊ पाहत होती, आपोआप, सवयीनं, आणि तिनं ती बोटांनी दाबून धरली. टक्. टक्.

हात तसाच वर होता. नऊ. दहा. अकरा.

"रोल!" मागून ट्रेव्हर फिसकारला. "अगं ए विज्ञानबाई, झोपलीस का? रोल!"

टक्.

"आयव्हन, तू तरी दे! ढोलावर घे!"

लॉर्नाला मागं वळता येत नव्हतं. आयव्हननं मनात आणलं असतं तर ढोलावर चार दणके देऊन तो अख्खा बँड उचलू शकला असता. ती त्या दणक्याची वाट बघत होती, पाठ ताठ करून. तेवीस. चोवीस. ढोल बोलला नाही.

मग ट्रेव्हरनं हट्टाला पेटून एकट्यानंच बासरी फुंकली. ड्रमाशिवाय, ढोलाशिवाय, तेवीस जोडीदारांशिवाय एकटी बासरी त्या उतारावर अशी वाजली, जशी लग्नात चुकून आधी उठून उभ्या राहिलेल्या पाहुण्याची करकरणारी खुर्ची. चार सुरांनंतर ती चिरकली. फुटपाथवरची एक म्हातारी नारिंगी झेंडी हातात घेऊन खो खो हसली. सूर बंद झाला.

आणि मग फक्त बूट. तीस जोड्या बूट आणि एक ठोका. लॉर्नानं तो रस्ता शेकडो वेळा तुडवला होता, पण स्वतःच्या बँडची पावलं तिनं तिथं कधी ऐकली नव्हती. बाकीच्यांनीही नाही. चव्वेचाळीसाव्या पावलाला, मॅकगर्कांच्या खिडकीच्या थोडं आधी, तिला समोर वडिलांचा हात दिसला. तो अजून वर होता. मग तो हळूहळू खाली आला. झटक्यानं नाही, रागानं नाही. डेअरीत टँकर निघाला की काट्याचा दांडा खाली येतो तसा.

दोनशे बारा पावलं तिनं मोजली. पुलावर पहिलं पाऊल पडलं आणि मर्विनचा हात पुन्हा वर गेला. लॉर्नानं रोल दिले. आयुष्यात तिनं इतके स्वच्छ रोल दिले नव्हते. चोवीस बासऱ्या, तीन पोरं आणि आयव्हनचा ढोल एका श्वासात असे फुटले की पुलाखालची बदकं फडफडत उडाली. दोन मिनिटं दाबून धरलेला सगळा जोर तिथं मोकळा झाला. लॉर्नाला हसू आवरेना. धून संपेपर्यंत ती दात दाखवत वाजवत होती.

पुलापलीकडे, सगळे बँड जमतात त्या मैदानाकडे नेणाऱ्या बसपाशी मात्र वादळ उठलं.

"हिला काढा!" ट्रेव्हर लालबुंद झाला होता. "सगळ्या गावासमोर हसं केलं आपलं."

"हसं तुझं झालं," आयव्हन ढोल उतरवत म्हणाला. "बाकीचे तर नीट चालत होते."

"तू का नाही वाजवलास?"

"माझा खांदा दुखत होता."

"आणि पुलावर बरा झाला?"

"हो ना. हवा बदलली." त्यानं लॉर्नाकडे पाहिलंसुद्धा नाही, पण हात पालथे करून पुन्हा सुलटे केले, मार्चमध्ये केले होते तसे.

सगळे मर्विनकडे बघू लागले. लॉर्ना ड्रमाचा पट्टा सोडून तयारच होती. "डॅडी, तुम्ही म्हणाला होतात—"

"मी काय म्हणालो ते मला माहीत आहे." त्यांनी तिच्या काठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मैदानावर साठ बँड आहेत. तिथं रोल कोण देणार? ट्रेव्हर, तू देतोस?"

ट्रेव्हरनं तोंड वळवलं.

"मग बसा बसमध्ये."

मैदानावर दुपारपर्यंत ते तिच्यापासून लांबच राहिले. हॅमची सँडविचेस खाताना ते तिच्या शेजारी येऊन बसले, तेव्हा ती फोन बघत होती.

"काय आहे?"

तिनं फोन पुढे केला. डर्व्हलाचा निरोप होता. 'चॅपल ६८. पूल १०४. बदकांनी लेखी तक्रार दिली आहे.'

मर्विननं तो दोनदा वाचला. "अडुसष्ट. ट्रॅक्टर किती म्हणालीस?"

"चौऱ्याहत्तर."

"म्हणजे ट्रू ब्लूज बँड आयव्हनच्या ट्रॅक्टरपेक्षा हळू गेला." त्यांनी सँडविच खाली ठेवलं. "माझे आजोबा थडग्यात कूस बदलत असतील." आणि मग, स्वतःलाही अपेक्षित नसल्यासारखे, ते हसले. "पण पुलावर एकशे चार? हॉलसमोरसुद्धा आपण कधी एवढे गेलो नाही."

"कधीच नाही."

"रोल चांगले होते," ते म्हणाले. बँडमास्तर म्हणून म्हणाले, आणि लॉर्नाला तेच हवं होतं.

संध्याकाळी सहाला, लख्ख उजेडात, बँड परतला. पूल ओलांडता ओलांडता मर्विननं मागं न बघता आयव्हनला दोन बोटं दाखवली. दोन दणके. धून संपली. लॉर्नानं काठी कडेवर आणली आणि वडिलांच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. हात मांडीलगत झुलत होता. तीस पावलं झाली, साठ झाली, हात वर गेला नाही. या वेळी कुणी फिसकारलं नाही. पोरांनी तिच्या मनगटांकडे बघणं सोडून समोर पाहिलं.

मॅकगर्कांच्या पुढच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी होती. उकडत होतं, म्हणूनही असेल. लॉर्नानं ते फक्त टिपून घेतलं आणि ठोका जराही न हलवता पुढे गेली.

दोनशे दहा. दोनशे अकरा. पोस्टाच्या वळणावर हात वर गेला. तिनं दोन रोल दिले, आणि ट्रेव्हरसकट चोवीस बासऱ्या अगदी वेळेवर सुरू झाल्या.